शाळेतील औषध आणि कपाटाची किल्ली

(ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्यापैकी अनेकांची नातवंडे अमेरिकेतील सार्वजनिक शाळांत शिकत आहेत. त्या शाळांच्या प्रथमोपचार साहित्यात आता नॅलॉक्सोन या औषधाची भर पडू लागली आहे. अफूवर्गीय द्रव्याची मात्रा अधिक झाली म्हणजे श्वसन मंदावते व काही मिनिटांतच थांबते. नॅलॉक्सोन हे त्या द्रव्याला मेंदूतील त्याच्या जागेवरून हुसकावून लावते आणि बहुधा दोन-तीन मिनिटांत श्वास पुन्हा सुरू होतो. या औषधाला तेथे १९७१ मध्ये मान्यता मिळाली. २०१५ मध्ये त्याचा नाकात मारावयाचा तयार फवारा आला आणि २०२३ मध्ये तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास परवानगी मिळाली. आता तो शिक्षकच काय, शाळेचा शिपाईही देऊ शकतो.

शाळेत असे औषध ठेवणे म्हणजे व्यसनाला आमंत्रणच, असा आक्षेप घेतला जातो. मला तो पटत नाही. मॉर्फिनहून सुमारे शंभरपट तीव्र असे फेंटानिल बनावट गोळ्यांत मिसळलेले असते. वेदनाशामक म्हणून घेतलेली एकच गोळी घात करू शकते. त्यासाठी मूल व्यसनी असावेच लागते असे नाही. जुलै २०१९ ते डिसेंबर २०२१ या काळात अतिमात्रेने दगावलेल्या १० ते १९ वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूंची तेथील रोगनियंत्रण केंद्राने पाहणी केली. सुमारे दोन-तृतीयांश प्रसंगी जवळपास कोणीतरी होते. परंतु बहुतेकांच्या हातून काहीच उपाय झाला नाही. ही गोष्ट मन विषण्ण करणारी आहे.

लॉस एंजेलिसमध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये एका विद्यार्थिनीचा शाळेच्या आवारातच अंत झाला. त्यानंतर तेथील शाळा-प्रशासनाने सर्व शाळांत हे औषध ठेवण्याचे ठरविले व पुढील वर्षी विद्यार्थ्यांनाही ते जवळ बाळगण्याची मुभा दिली.

अर्थात, औषध दिले म्हणजे काम संपले असे नव्हे. त्याचा प्रभाव अर्धा ते दीड तासच टिकतो. विष त्यानंतरही अंगात उरलेले असू शकते. म्हणून रुग्णवाहिका बोलावणे अनिवार्यच आहे. अतिमात्रा नसताना चुकून दिले गेले, तर मात्र सहसा अपाय होत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी दूरध्वनीवर मुलाशी किंवा सुनेशी बोलाल तेव्हा अवश्य विचारा : शाळेत हे औषध आहे काय? ते कोठे ठेवले आहे? आणि कपाटाला कुलूप असेल, तर परिचारिका रजेवर असताना किल्ली कोणाकडे असते?