सही करण्याआधी: ई-बुक आणि लेखकाचा हक्क

आज बोलायचंय पुस्तकाच्या हक्कांबद्दल, आणि त्यासाठी आपण लखनऊच्या अमीनाबादला जाऊ. चिकनचे कपडे आणि कबाब यांसाठी हा बाजार प्रसिद्ध आहे. पण शंभर वर्षांपूर्वी तिथल्या अमीनाबाद पार्कात दुलारेलाल भार्गव यांच्या 'गंगा पुस्तकमाले'चं कार्यालय होतं. प्रेमचंदांची 'रंगभूमि' १९२५ साली या पुस्तकमालेतच निघाली.

तेव्हा प्रकाशक कागद आणायचा, खिळे जुळवून घ्यायचा, छापायचा, विकायचा. भार्गवांचं तर 'सुधा' हे स्वतःचं मासिकही होतं. लेखकाने हे सगळं स्वतः करायचं म्हटलं तर? प्रेमचंदांनी १९२३ साली बनारसला सरस्वती प्रेस काढला आणि त्याच्या कर्जाने ते बेजार झाले.

आज ती अडचण उरलेली नाही. २०१६च्या डिसेंबरात किंडलवर मराठी पुस्तकं आली. कागद नको, गोदाम नको. मग प्रकाशक कशाला हवा? चांगल्या संपादनासाठी आणि वाचकापर्यंत पोचण्यासाठी. तो हवाच. पण त्याच्या बदल्यात आपण काय देतो, ते बघायला हवं.

२०१२च्या दुरुस्तीनंतर आपला कॉपीराइट कायदा सांगतो, की करार करताना जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचा हक्क करारात स्पष्ट उल्लेख असेल तरच दुसऱ्याकडे जातो. आता गंमत बघा. ई-बुक आणि ऑडिओबुक आज बाजारात आहेतच. म्हणजे आज 'सर्व माध्यमे' या शब्दांवर सही केली, तर ही ढाल तुमच्या कामाची नाही.

आणि हा हक्क लहानसहान नाही. प्रेमचंद १९३६ साली गेले, त्यांचं लेखन १९८७पासून सर्वांना खुलं झालं. आता तर लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क टिकतो. आजची सही नातवंडांपर्यंत पोचते.

म्हणून करारात छापील पुस्तक, ई-बुक, ऑडिओ असं प्रत्येक माध्यम वेगळं लिहून घ्या. प्रत्येकाचं मानधन वेगळं ठरवा. मुदतही घाला, ती लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. चांगला प्रकाशक यावर रागावणार नाही. रागावला, तर सहीची घाई करू नका.