जुगारी माणूस आणि आपण
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



अर्थशास्त्र शिकविण्यात माझे आयुष्य गेले. तरीही जुगाराचे अर्थशास्त्र मला फार उशिरा उमगले. सुमारे तीस वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील एक शिपाई मटक्याच्या नादाने कर्जबाजारी झाला. आम्ही प्राध्यापकांनी वर्गणी काढून त्याचे देणे फेडले, त्याला देवासमोर शपथ घ्यायला लावली आणि सत्कृत्याच्या समाधानात घरी गेलो. वर्षाच्या आत कर्ज दुप्पट झाले आणि पत्नीचे मंगळसूत्र सावकाराकडे गेले. आमची वर्गणी त्याच्या पुढच्या डावाचे भांडवल ठरली होती.

प्रथम हिशेब पाहू. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर मुंबईत सट्टा चाले. १९६०च्या दशकात त्याच्या जागी मडक्यातून चिठ्ठ्या काढण्याची रीत आली आणि ‘मटका’ हे नाव रूढ झाले. शून्य ते नऊ या दहा आकड्यांपैकी एक लागला, तर रुपयाला नऊ रुपये मिळत. म्हणजे दर रुपयामागे सरासरी दहा पैसे चालकाच्या खिशात. हजार रुपये लावले की सरासरीने शंभर गेले. गेलेले भरून काढण्यासाठी जो अधिक खेळतो, तो अधिकच गमावतो.

परंतु हा हिशेब खेळणाऱ्याला कळत नाही, असे मानणे ही आपली घमेंड आहे. आमच्या शिपायाला तो पाठ होता. मग तो थांबत का नव्हता? बक्षीस केव्हा लागेल हे अनिश्चित असले, की सवय सर्वांत चिवट होते, हे मानसशास्त्राने दाखवून दिले आहे. एका आकड्याने हुकलेला डाव हरल्यासारखा वाटत नाही, जिंकता जिंकता राहिल्यासारखा वाटतो. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली या अनावर जुगाराची विकार म्हणून नोंद केली आणि २०१३ साली त्याला दारू व मादक द्रव्यांच्या व्यसनांच्या पंक्तीत बसविले. रक्कम वाढवीत नेणे, हरलेले वसूल करण्यासाठी पुन्हा खेळणे, घरच्यांशी खोटे बोलणे, उसनवारी, थांबण्याचे फसलेले प्रयत्न : ही त्याची लक्षणे.

आता आकडा लावायला नाक्यावर जावे लागत नाही. अड्डा खिशातल्या मोबाईलमध्ये आला आहे. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तो स्वागतार्हच आहे. मात्र ज्याला ओढ लागली आहे, तो आडवाट शोधतोच. त्याच्यापर्यंत पोहोचण्याचे काम कार्यकर्त्यांचे आहे.

त्यासाठी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, त्याच्या हाती रोख रक्कम देऊ नका. सर्व देण्यांची यादी कुटुंबासमक्ष करा, परतफेडीचे हप्ते परस्पर द्या आणि त्याच्या संमतीने पगाराचा व्यवहार काही काळ घरच्यांकडे सोपवा. दोन, शपथेपेक्षा उपचार महत्त्वाचे. मोठ्या सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. विचारांची व वर्तनाची पद्धत बदलणारे समुपदेशन या विकारात उपयोगी पडते. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. तीन, कर्जाच्या ओझ्याखाली आत्महत्येचे विचार येतात; त्याविषयी स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलण्याची वाट मोकळी होते. चार, तो पुन्हा घसरला तर त्याला विश्वासघात समजू नका. दीर्घ आजार उलटतात, तसाच हाही उलटतो. उपचार मात्र सोडू नयेत.

आमचा तो शिपाई पुढे नोकरी सोडून निघून गेला. त्याला आम्ही उपदेश केला, पैसे दिले आणि शेवटी दोषही दिला. आजारी माणसाजवळ बसतात, तसे त्याच्याजवळ आमच्यापैकी एकही जण बसला नाही. तुमच्या वस्तीत असा कोणी असेल, तर आज संध्याकाळीच त्याच्या घरी जा.