मेंदू आणि अंगातले धातू
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही सूतगिरणीतले कामगार, डॉक्टर नाही. रात्रपाळी करून वाचनालयात बसून जे वाचले, तेच आपल्यापुढे मांडतो.

आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात दहा वर्षांची एक मुलगी येते. ती पाढे म्हणताना पेंगायची, काल शिकवलेले आज विसरायची. आम्हीच तिला सर्वांदेखत ‘मठ्ठ’ म्हणालो. पुढे दवाखान्यात रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन 7! त्या वयात 11.5 तरी हवे. पोरीच्या अंगात लोहच नव्हते.

मोठ्या माणसाच्या शरीरात लोह असते 3 ते 4 ग्रॅम, एका खिळ्याएवढे. पण मेंदूला प्राणवायू पोचवायला ते लागते. लक्ष लागण्यासाठी मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य असते, ते तयार व्हायलाही लोह लागते. जस्त, तांबे यांचेही तसेच. अंश थोडा, काम मोठे.

शिसे मात्र शत्रू. शरीराला त्याचा काडीचा उपयोग नाही. ते कॅल्शियमचे सोंग घेऊन मेंदूत शिरते आणि पेशींचे एकमेकींना जाणारे निरोप बिघडवते. अमेरिकेत हर्बर्ट नीडलमन यांनी शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात तपासले. ज्यांच्या दातांत शिसे जास्त, त्यांचे बुद्धिचाचणीतले गुण कमी, वर्गातले लक्षही कमी, असे त्यांनी 1979 साली दाखवून दिले.

आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झाले. तरी जुन्या रंगाचे पोपडे, फोडलेल्या बॅटऱ्या, भेसळीची पिवळीधमक हळद यांतून शिसे अजून पोटात जाते. आणि ज्या पोटात लोह कमी, ते पोट शिसे जास्त शोषते. म्हणजे गरिबाच्या लेकराला दुहेरी मार! आधी अर्धपोटी ठेवायचे आणि वर ‘यांना बुद्धीच नाही’ म्हणायचे, हा कुठला न्याय?

म्हणून मायमाउल्यांनो, शाळेत मिळणारी लोहाची गोळी पोरांना चुकवू देऊ नका. डाळीवर, पालेभाजीवर लिंबू पिळा. जेवणावर लगेच चहा नको. जादा गोळ्या मनाने देऊ नका, जास्त लोहही घातक असते. पोर मागे पडले तर हात उगारण्याआधी रक्त तपासून घ्या.

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चार महिने घेतल्यावर ती मुलगी आता एकोणतीसचा पाढा न अडखळता म्हणते. आम्ही तिला सर्वांदेखत बोललो होतो, म्हणून माफीही सर्वांदेखत मागितली.

जयभीम!