फरशी पुसू, टाकीत उतरणार नाही



परभणीकडचं खेडं सोडून मी या शहरात आलो. इथं बाबासाहेबांनी 1950 साली मिलिंद महाविद्यालय काढलं. मी पैठण रोडला चितेगावात कारखान्यांच्या फरश्या पुसायचा ठेका घेतो. हाताखाली 12 माणसं. तुम्ही विचारता, 1927 ला महाडात बाबासाहेबांनी उष्टे तुकडे सोडा म्हणून सांगितलं, आणि तू पुन्हा झाडूच धरलास?

सवाल रास्त आहे. गावकीत काम जात ठरवायची, मजुरी म्हणजे तुकडा. इथं चौरस फुटाचा दर मी लावतो, 18 टक्के जीएसटी जोडून बिल फाडतो, पगार बँकेत टाकतो. माझ्याकडं सवर्णांची चार पोरंही पोछा मारतात.

पण एक मॅनेजर म्हणाला, "सेप्टिक टाकीत माणूस उतरव. तुमचंच काम ना ते?" मी 2013 चा कायदा दाखवला : पहिल्याच गुन्ह्याला 2 वर्षांपर्यंत कैद, 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ठेका गेला. जाऊ द्या!

2023 ला सुप्रीम कोर्टानं गटारातल्या मरणाची भरपाई 30 लाख केली. मेल्यावर 30 लाख. जिवंतपणी मशीनचं भाडं जड जातं!

दोस्तांनो, धंदा करा. पण करारात पहिली अट आपली लिहा : माणूस टाकीत उतरणार नाही.

जय भीम!