लांब पल्ल्याची धाव



कांजूरमार्ग स्थानकाजवळ पहाटे कोणी धावताना दिसला, की पाहणाऱ्याला वाटते, एक तर याची लोकल चुकत असावी, नाहीतर मागे कुत्रे लागले असावे. आम्हांला दोन्ही शंका पुष्कळदा ऐकाव्या लागल्या आहेत. म्हणून आज थोडा खुलासा करतो.

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. त्याहून लांब धावण्याला अल्ट्रा मॅरेथॉन म्हणतात. आणि ते डांबरी सडकेऐवजी रानवाटांनी धावले, तर ती ट्रेल धाव. दक्षिण आफ्रिकेत दरबान आणि पीटरमारित्झबर्ग यांच्यामधली सुमारे ९० किलोमीटरची कॉम्रेड्स शर्यत १९२१ पासून चालू आहे. आपल्याकडे सिंहगड, राजगड, तोरणा या गडांच्या वाटांवरही अशी शर्यत होते आणि तिच्यात १०० किलोमीटरचा गटही असतो. हे खूळ परदेशातून आले, असे कोणी म्हणेल. तर आपलाच एक दाखला देतो.

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारे शेतकरी दोराबजी टाटांनी पाहिले आणि त्यांच्या वेगाने ते चकित झाले. त्यातूनच १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारताचे खेळाडू गेले. मॅरेथॉनमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले. त्याच शर्यतीत सदाशिव दातारही धावले. त्यांना ती पुरी करता आली नाही. चौगुल्यांचे नाव थोडेफार तरी निघते, दातारांचे निघत नाही. आम्हीही पूर्वी घेत नव्हतो.

मग एका गडवाटेच्या शर्यतीत आम्ही उतरलो. ऊन होते. तहान लागेल तसे आम्ही नुसते पाणी पीत गेलो. घामावाटे मीठ जाते. वर नुसतेच पाणी ढोसले, तर रक्तातले मीठ पातळ होते. मळमळ, भ्रम, प्रसंगी जिवाशी गाठ! तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास आम्हांला ओकारी झाली, पायवाट दोन दिसू लागली. एका तरुण स्वयंसेवकाने हात धरला. म्हणाला, "काका, गड कुठे पळून जात नाही. खाली बसा." आम्ही बसलो आणि लाजेने मान वर करवेना. घरी आलो तेव्हा आमच्या कुटुंबाने एवढेच विचारले, "अहो, चालत आलात ना घरापर्यंत? मग झाले." त्या दिवसापासून चौगुल्यांइतकेच दातारही आम्हांला आपले वाटू लागले. कुठे थांबायचे हे कळणे, हाही या विद्येचाच एक धडा आहे.

बाकीचे धडे साधे आहेत. अंगातली साठवलेली साखर म्हणजे चिपाडांचा जाळ. जोरात धावले तर दीड-दोन तासांत विझतो. चरबी म्हणजे ओंडका. तो मंद जळतो, पण पुरतो. म्हणून हळू धावावे, चढ खुशाल चालत चढावा, वाटेत खजूर, चिक्की, मीठ-लिंबाचे पाणी घेत राहावे. आणि उताराला भ्यावे. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरताना ठणका लागतो.

पण खरी परीक्षा शर्यतीची नव्हे, मंगळवारची. साडेचारला उठायचे, पवई तलावापर्यंत जाऊन यायचे, नळ जायच्या आत घरी पोहोचायचे आणि मग लोकलच्या गर्दीत शिरायचे. टेकड्यांचे रान शेजारी आहे. पण ते बिबट्याचेही घर आहे. म्हणून अंधारात तिकडे जायचे नाही, आणि परवानगीवाचून तर नाहीच.

एक कबुली देतो. हौस आमची, पण तिचे मोल घरच्यांनीही भरले आहे. कित्येक रविवार आम्ही डोंगराला दिले. ते त्यांचेही होते. म्हणून आता महिन्यातले दोनच रविवार आमचे, उरलेले घराचे. धाव थोडी मंदावली, पण ती टिकली. जी हौस घरच्यांना सोबत घेत नाही, ती लांब पल्ल्याची ठरत नाही.

आपण शंभर किलोमीटर धावावे, असे आमचे म्हणणे नाही. उद्या पहाटे दहा मिनिटे चाला, एक मिनिट धावा. कुत्रे भुंकले तर भुंकू द्या. चार दिवसांत ओळखीचे होते.