‘ताबा’ या शब्दाचा अर्थ
(संस्थेच्या पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय गांजा-चरसविषयक कायदा हा आहे. “आमच्या घरात असले काही नाही, मग हे आम्हांला कशाला?” असे आपणांपैकी अनेकांना वाटेल. परंतु हा कायदा केवळ व्यसनी माणसासाठी नाही. वस्तू ज्याच्या ताब्यात सापडते, त्याला तो प्रथम धरतो. आपल्या कित्येक घरांतली माणसे आखातात नोकरीला जातात आणि जाताना शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पिशव्याही नेतात. म्हणून हा विषय आपल्या उंबरठ्याशी येतो.

जुलै २०१९ मध्ये मुंबईचे एक तरुण जोडपे कतारला गेले. सहलीची सोय नात्यातल्याच एका बाईंनी केली आणि एक पाकीट सोबत दिले. दोहा विमानतळावर सामानात चार किलोंहून अधिक चरस निघाला. दोघांनाही दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. पत्नी गरोदर होती. मुलगी कैदेतच जन्मली. इकडे मुंबईत केंद्रीय अमली पदार्थ नियंत्रण विभागाने तपास केला, तेव्हा त्यांना फसविल्याचे उघड झाले. २०२१ मध्ये फेरसुनावणीत ती दोघे निर्दोष सुटली. निर्दोष होती, तरी पावणेदोन वर्षे गेली!

आपल्या देशातला कायदाही सौम्य नाही. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात शिक्षा वजनावर ठरते. गांजा एक किलोपर्यंत किंवा चरस शंभर ग्रॅमपर्यंत असेल तर ते ‘अल्प प्रमाण’. त्याला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गांजा वीस किलो किंवा चरस एक किलो यांच्या वर गेला की ते ‘व्यापारी प्रमाण’. त्याला किमान दहा व कमाल वीस वर्षे सक्तमजुरी, शिवाय किमान एक लाख रुपये दंड. आणि जामीन मिळणे फार कठीण. या दोहोंच्या मधल्या वजनाला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड. नुसते ओढल्याबद्दलही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

आता मुख्य मुद्दा. सामान्यतः गुन्हा सिद्ध करण्याचा भार सरकारवर असतो. येथे मात्र वस्तू ताब्यात होती एवढे सिद्ध झाले, की तुम्हांला ती ठाऊक होती असे न्यायालय गृहीत धरते. ‘मला माहीत नव्हते’ हे तुम्हीच सिद्ध करावयाचे. मित्राने “जरा ठेव” म्हणून दप्तरात टाकलेली पुडी याच नियमात बसते.

आपण अमानत पवित्र मानतो, ते योग्यच आहे. पण आत काय आहे हे ठाऊक नसलेली वस्तू सांभाळणे ही अमानत नव्हे. पाकीट देणाऱ्यासमोर उघडून पाहा. तो रागावला तर रागावू द्या. प्रामाणिक माणूस स्वतःच उघडून दाखवील. विद्यार्थी मित्रांनो, दुसऱ्याची पुडी ठेवायला नकार देणे म्हणजे मैत्री तोडणे नव्हे.

शेवटी पालकांना एक विनंती. मुलगा या वाटेला लागल्याचे कळले, तर बदनामीच्या भीतीने गोष्ट झाकू नका, आणि त्याला घराबाहेरही काढू नका. याच कायद्याच्या ६४-अ कलमात एक दार उघडे ठेवले आहे. सेवन केल्याचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य संस्थेत उपचार घेईल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडला, तर मात्र ही सवलत काढून घेता येते. १४४४६ या क्रमांकावर सरकारी व्यसनमुक्ती केंद्रांची माहिती विनामूल्य मिळते.

आपण मुलांना परीक्षेचे प्रश्न पाठ करवितो. “हे कोणाचे आहे, आणि आत काय आहे?” एवढा एक प्रश्न विचारण्याची सवयही त्यांना लावू या.