डिस्चार्जनंतरचा फोन



पुणे-बंगळूर महामार्ग शिरवळला नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येतो आणि कराड, कासेगाव, पेठ नाका करत वारणेपर्यंत जातो. या पट्ट्याला अपघात नवे नाहीत. एप्रिल 2018 मध्ये खंबाटकी बोगद्यापुढच्या वळणावर विजापूरकडून कामाला निघालेल्या मजुरांचा टेंपो उलटला आणि 18 जण गेले. त्याची बातमी देशभर झाली. अशा अपघातांतून वाचलेल्यांची बातमी मात्र कुणी करत नाही. कुणाचा पाय आखूड राहिला, कुणाच्या जखमेतून वर्षभर पू येत राहिला, कोण पुन्हा कामावर उभा राहिला, हे बातमीदाराला माहीत नसते आणि खरे सांगायचे तर ज्या रुग्णालयाने रॉड टाकला त्यालाही माहीत नसते. देशात 2022 या एका वर्षात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मेली आणि 4,43,366 जखमी झाली, असे केंद्राचा अहवाल सांगतो. जखमींचे पुढे काय झाले, याचा रकाना त्या अहवालात नाही.

अपघातानंतरच्या पहिल्या तासाची सोय बरीचशी लागली आहे. महाराष्ट्रात 2014 साली 108 क्रमांकाची सेवा 937 रुग्णवाहिका घेऊन सुरू झाली. साताऱ्याला क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय आहे, कराडला कृष्णा रुग्णालय, मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि 1894 पासूनचे वॉनलेसांचे मिशन हॉस्पिटल. मे 2025 मध्ये केंद्राने अपघातग्रस्तांसाठी विनारोकड उपचारांची योजना अधिसूचित केली: दीड लाख रुपयांपर्यंत, अपघातापासून सात दिवस. चांगलीच गोष्ट आहे. पण मांडीचे हाड काही सात दिवसांत जुळत नाही, त्याला तीन ते सहा महिने लागतात. त्यातले पहिले काही दिवस वॉर्डात आणि उरलेले सगळे घरी, खाटेवर.

डिस्चार्जच्या दिवशीचे दृश्य इथे जमलेल्या प्रत्येक डॉक्टर-परिचारिकेच्या ओळखीचे आहे. बिलाची घाई, दारात लावलेली गाडी, औषधांची पिशवी, काखेत एक्स-रेचे मोठे पाकीट. कार्डावर ‘दोन आठवड्यांनी दाखवा’ ही सूचना इंग्रजीत, तीही मेडिकलवाल्यालाच लागेल अशा अक्षरात. मोबाइलच्या रकान्यात दहा आकडे असतात खरे. पण ते दाखल करतानाच्या गडबडीत घेतलेले असतात: ज्याने गाडीत घातले त्याचे, चुलत्याच्या पोराचे, नाहीतर ऊसतोड टोळीच्या मुकादमाचे. पंधरा दिवसांनी त्या नंबरवर फोन लावला तर पलीकडचा माणूस विचारतो, “कोण पेशंट?”

रुग्ण परत का येत नाही, याचे उत्तर आपण फार लवकर ‘अडाणीपणा’ असे देऊन टाकतो. जत, आटपाडी किंवा माणमधून मिरज-कराडला यायचे म्हणजे प्लास्टरमधला पाय घेऊन एसटी चढायची किंवा गाडी ठरवायची, सोबत येणाऱ्याचा रोज बुडवायचा, आणि रांगेत अर्धा दिवस बसून ‘ठीक आहे, महिन्याने या’ एवढे ऐकून परतायचे. कारखान्याचा पट्टा पडला की ऊसतोड कामगाराची टोळी बीडकडे निघते, त्याचा पाय प्लास्टरमध्ये असो वा नसो. तो परत येईल अशी अपेक्षा ठेवणे हाच मुळात आपला भाबडेपणा आहे.

मग रुग्णालयानेच त्याला शोधावे. असे म्हणणारे एर्नेस्ट कॉडमन नावाचे एक सर्जन बोस्टनमध्ये होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी आग्रह धरला की प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड ठेवावे आणि निदान वर्षभराने त्याचा शोध घेऊन शस्त्रक्रियेचा खरा परिणाम त्यावर लिहावा. बिघडले असेल तर का बिघडले, तेही लिहावे. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या सहकाऱ्यांना हे रुचले नाही. कॉडमन 1914 मध्ये तिथून बाहेर पडले. त्यांच्या काळी माणूस शोधायचा तर टपाल होते. आज बहुतेक घरांत एखादा तरी फोन वाजतो, आणि तरीही आपल्याकडचे कार्ड कोरेच आहे. अडचण यंत्राची होती असे म्हणायला आता जागा उरलेली नाही.

कायद्याची वाटही मोकळी आहे. 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार, समोरासमोर तपासलेल्या रुग्णाने त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत त्याच डॉक्टरांचा सल्ला घेतला तर तो पाठपुरावा धरला जातो. हाड जुळण्याचा बहुतेक काळ त्यात बसतो. रुग्णाने स्वतः फोन केला तर त्याची संमती गृहीत असते. डॉक्टर किंवा आरोग्य कर्मचाऱ्याने केला तर स्पष्ट संमती लागते. म्हणून ती डिस्चार्जच्या कागदावरच, मराठीत, सही किंवा अंगठ्यासह घ्यावी. त्याच वेळी टेबलावर बसून नंबर लावून पाहावा. खिशात वाजला तर खरा.

फोनवर काय विचारायचे? तिसऱ्या दिवशी: बोटे सुजली का, थंड किंवा निळी पडली का, बोट सरळ केले की जीव जाईल अशी कळ येते का? यातले एक जरी ‘हो’ असेल तर प्लास्टर घट्ट झाले आहे, आजच निघा. टाके काढायच्या सुमारास: पट्टी ओली होते का, ताप येतो का, पोटरी सुजली का, बाहेरून लावलेल्या पिनांच्या तोंडाशी पू दिसतो का? डोक्याला मार लागलेल्यांच्या बाबतीत तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घरच्यांशी बोलावे, कारण मेंदूवर हळूहळू साचलेले रक्त तेव्हा त्रास देऊ लागते. माणूस बडबडतो, पेंगतो, एक हात ढिला पडतो आणि घरचे म्हणतात, वयामुळे असेल. हे प्रश्न परिचारिकेने विचारायचे. औषध तिने सांगायचे नाही. उत्तर लिहायचे आणि डॉक्टरांना कळवायचे.

आणखी एक प्रश्न आवर्जून विचारावा, आणि रागावून नव्हे: मालिश चालू आहे का? कोपर निखळलेले किंवा मोडलेले पोर घरी गेले की आजी तेल कोमट करते, हाडवैद्य येतो, कोपर जोरात चोळून वाकवतो. स्नायूंत हाड धरते आणि कोपर जाम होऊन बसते. हाडवैद्याकडे लोक जातात कारण तो गावात असतो आणि विचारपूस करतो. आपला फोन त्याच्याआधी गेला तर कोपर वाचते.

पायाच्या बाबतीत याहून सोपी युक्ती आहे. गरीब देशांतल्या सर्जनना फुकट सळया पुरवणारी ‘साइन’ ही अमेरिकी संस्था रुग्णाचा एक फोटो मागवते: उकिडवे बसून हसतानाचा. मांडीचे हाड जुळले नसेल, गुडघा आखडला असेल, दुखत असेल, तर माणूस तसा बसूच शकत नाही, आणि बसला तरी हसत नाही. आपल्या शेतकऱ्याला भांगलायचे तर असेच बसावे लागते. पुतण्याच्या फोनवरून आलेला तसा एक फोटो पाहून मिरजेतल्या सर्जनला निदान एवढे ठरवता येते, की या माणसाला एक्स-रेसाठी बोलवायचे की महिनाभर थांबायचे.

फोनच्या मर्यादा उघड आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात 54 टक्के निघाल्या. जखमी बाईची खुशाली नवरा सांगणार असेल तर ‘बरी आहे’ यापलीकडे काही कळायचे नाही. फोन तिच्याच हातात द्यायला सांगावे. पाटणच्या खोऱ्यात जिथे रेंज नसते, तिथे आशा सेविकेचा नंबर कार्डावर हवा. मिरजेला अथणी-विजापूरकडून येणाऱ्यांशी कानडीत बोलणारे कुणी हवे. आणि अपघाताच्या केसमधले नंबर नुकसानभरपाईच्या दलालांपर्यंत पोचू नयेत म्हणून ते लिहिलेली वही कुलपात असावी. फोनवरून हाड तपासता येत नाही, हे तर सांगायलाच नको. कुणी यायचे आणि कुणी नाही, एवढेच त्यावरून ठरते. पण आज तेही ठरत नाही.

करोनाकाळात गृहविलगीकरणातल्या लोकांना रोज फोन करून ताप आणि ऑक्सिजन विचारला जात होता. ते काम जमले, कारण ते कुणातरी एकाच्या नावावर होते. म्हणून सातारा-सांगलीच्या डॉक्टर-परिचारिकांच्या या परिषदेला एकच विनंती आहे. दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक रुग्णालयाने एक परिचारिका आणि तिच्या कामातला रोजचा एक तास यासाठी राखून ठेवावा. डिस्चार्ज कार्डावर लावून पाहिलेले दोन नंबर घ्यावेत. तिसरा दिवस, टाके काढण्याची वेळ, एक महिना आणि तीन महिने, असे चार फोन करावेत आणि मिळालेली उत्तरे पुढच्या वर्षी इथे मांडावीत. बिघडलेल्या केसेससकट.